गावात विचारू नका

मला बघायला आलेली सिन्नरची मंडळी माझ्या चुलतबहिणीला पसंत करून गेली. आता मी हे हसत सांगते, तेव्हा मात्र दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते.

झालं असं, की आम्ही मखमलाबादचं गावातलं घर सोडून मळ्यात राहायला गेलो होतो. जुन्या घरात गोटीराम काका राहायचे. पाहुण्यांनी वेशीत विचारलं, "भिमाजींचं घर कोणतं?" गावानं सवयीनं जुनं घर दाखवलं. आलेल्या पाहुण्याला कोण, कुठले विचारायच्या आधी पोहे द्यायचे, ही आमच्या काकूची रीत. पोह्यांच्या बशा घेऊन काकांची स्नेहल बाहेर आली आणि मामला तिथेच उरकला. इकडे मी नवी साडी नेसून झेंडूच्या वाफ्यांकडे बघत बसले होते.

तेव्हापासून आप्पा, म्हणजे माझे वडील भिमाजी, प्रत्येक पाहुण्याला फोनवर बजावायचे, "गावात कोणाला इचारू नका. पाटाच्या कडंनं सरळ मळ्यावर या. पण फाटकात भिमाजीचं नाव सांगा, नाय तर आमची नवसाबाई दार उघडायची नाय." आणि आई खरंच उघडत नसे.

दोन हजार सहा साली मी अंबडच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. दुसऱ्या प्रोग्रॅमना इंटरनेटवरून फायली पाठवता याव्यात, म्हणून मी दोन वर्षं खपून एक लायब्ररी, म्हणजे त्यांनी आयता वापरायचा कोड, लिहिली होती. द्राक्षं परदेशी पाठवणारं एक मोठं पॅकहाऊस आपले कागद तिच्यातूनच पाठवायचं. आता ते आपला सर्व्हर नव्या मशीनवर हलवणार होते. ऐन हंगामात त्यांना धोका नको होता. सर्व्हरचं नाव नव्या मशीनकडे वळवण्याआधी आमचं काम तिथे चालतं, हे शुक्रवारी दाखवायचं होतं. नाही जमलं तर ते पुण्याचं तयार पॅकेज घेणार होते आणि माझी लायब्ररी जाणार होती कचऱ्यात. 

अडचण साधी होती. लायब्ररी सर्व्हरचं नाव घेऊन पत्ता विचारायची आणि इंटरनेट इमानदारीत जुन्या मशीनचा पत्ता सांगायचं. मी नावाच्या जागी नव्या मशीनचा आकडी पत्ताच लिहिला. तर मशीननं ओळख पटवायला दाखवलेल्या सर्टिफिकेटवर होतं नाव, आणि मी हाक मारली होती आकड्याला. दोन्ही जुळेनात, म्हणून लायब्ररीनं बोलणंच तोडलं. ती तपासणी मीच लिहिलेली, त्यामुळे शिव्या तरी कोणाला घालणार? पॅकहाऊसच्या कॉम्प्युटरवरच्या पत्त्यांच्या फाइलमध्ये नवा पत्ता लिहून भागलं असतं, पण तिला हात लावायची आम्हाला मनाई होती.

"तपासणी बंद कर ना डेमोपुरती," आमचा टीम लीडर मनोज म्हणाला.

"म्हणजे दार काढून ठेवायचं आणि कुलूप चांगलं आहे म्हणून सांगायचं?" मी एवढ्या जोरात बोलले, की शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले.

गुरुवारी सकाळी मी न्याहारी करत होते आणि आप्पा फोनवर कोणा पाहुण्याला बजावत होते, "गावात इचारू नका. सरळ मळ्यावर या. नाव मात्र सांगा." भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला. नाव बदलायचंच नव्हतं! फक्त विचारायचं नव्हतं!

सारखं विचारावं लागू नये म्हणून लायब्ररी मिळालेले पत्ते थोडा वेळ लक्षात ठेवायची. त्या आठवणीतच आपण आधी जाऊन नाव आणि नवा पत्ता ठेवायचा, अशी सोय मी केली. पत्ता तिथेच सापडला की ती बाहेर विचारणार नाही, आणि हाक मात्र नावानंच मारेल. दुपारी फाइल नव्या मशीनवर गेली. मी टेबलावर हात आपटला, चहा पिऊन आले, आणि पुढची फाइल गेली जुन्या मशीनवर! लायब्ररी जुने झालेले पत्ते विसरायची, आणि माझाही विसरली. मग हातानं ठेवलेला पत्ता कधीच विसरायचा नाही, हेही तिला शिकवलं.

शुक्रवारी पॅकहाऊसचे यादव साहेब हाताची घडी घालून पाठीमागे उभे राहिले. पहिली फाइल नव्या मशीनवर गेली, सर्टिफिकेटची तपासणी चालू ठेवून. साहेब म्हणाले, "आता पत्ता सांगणारा सर्व्हरच बंद करतो. मग बघू." बंद केला. त्यांच्या कॉम्प्युटरवरचं ईमेल अडलं, ब्राउझर अडला. माझ्या फायली मात्र एकामागून एक जात राहिल्या. मनोजनं तर शिट्टीच वाजवली.

"पुण्याला नको म्हणून कळवा," साहेब त्यांच्या माणसाला म्हणाले. मग स्क्रीनकडे वाकून त्यांनी विचारलं, "या सोयीचं नाव काय लिहिलंय हे? 'मळ्यावर'?"

"हो सर. आमच्याकडे असंच म्हणतात."

संध्याकाळी मी फाटकातूनच ओरडत आत शिरले, "आप्पा, जिंकले! गावात न विचारता थेट मळ्यावर गेले!"

आप्पा फुलांच्या करंड्या बांधत होते. त्यांना काय कळलं देव जाणे, पण तोंडभर हसले.

"आन् फाटकात नाव सांगितलं का?"

"सांगितलं."

"मंग उघडलंच असंल," आप्पा म्हणाले, आणि आईनं पोहे टाकले.