दोन ऑगस्टचा सामना

शुक्रवारी दुपारी तार आली. पुष्पाबाईनेच सही करून ती घेतली, पण पोस्टमनची सायकल वळेपर्यंत उघडली नाही. तार म्हटलं की कोण गेलं हेच आधी मनात येतं, आणि तिच्या मनात एकच माणूस आला. मग धीर करून वाचली. कुणी गेलं नव्हतं. ‘रविवारचा सामना रद्द करावा. येऊ शकत नाही. दोंडाईचा क्लब.’ तिने हुश्श केलं, आणि हुश्श करून झाल्यावर तिथेच पायरीवर बसली. कारण आता येणार नव्हता तोही तोच माणूस.

तिचा नवरा जळगावातल्या एका शाळेत खेळाचा मास्तर आणि खानदेश फुटबॉल लीगचा सेक्रेटरी. खरं नाव उखर्डू. पण ते नाव बोदवडला आईपाशी ठेवून शहरात तो यू. टी. सर झाला होता. लीग तरी केवढी, सहा गावांचे सहा क्लब आणि पावसाळ्यातले रविवार. ऑफिस म्हणजे पुष्पाबाईची पुढची खोली. सरांचं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं, म्हणून लीगची सगळी पत्रं तिच्याच हातची. सर सांगत, ती कार्बन घालून लिही.

पाच वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात सरांना टोपी-टॉवेल द्यायचा राहून गेला. राहिला म्हणजे, मांडवात नाव पुकारलं तेव्हा सर बाहेर वऱ्हाडातल्या चार जणांना ऑफसाइड म्हणजे काय ते समजावत होते. पण मान तो मान. “आजपासून दोंडाईचा बंद,” असं त्यांनी तिथेच ठरवलं, आणि माणूस नियमाचा पक्का. तेव्हापासून पुष्पाबाई माहेरी गेली नव्हती, की माहेरचं कुणी तिच्याकडे आलं नव्हतं.

एक वाट तेवढी उघडी राहिली होती. तिचा धाकटा भाऊ मगन दोंडाईचा क्लबचा गोलकीपर होता. सामन्यानंतर बाहेरगावच्या संघाला सेक्रेटरीच्या घरी चहा-चिवडा द्यायचा, ही लीगची पद्धत. आता गोलकीपर काही पाहुणा नव्हे, तो खेळाडू. सर त्याला ‘गोलकीपर’ म्हणत, तो सरांना ‘सेक्रेटरीसाहेब’ म्हणे. दोघांचाही मान शाबूत. वर्षातून एकदा पुष्पाबाई अकरा कप भरायची, त्यातला एक काठोकाठ. मोरीवर चिखलाचे पाय धुताना मगन दोन मिनिटं जास्त घ्यायचा. तेवढ्यात जे बोलून होई ते वर्षभर पुरवायचं.

त्याच संध्याकाळी समितीची बैठक बसली. समिती म्हणजे सर, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले अध्यक्ष झिपरूनाना, आणि जळगाव क्लबचे मॅनेजर नथ्थूभाऊ. नथ्थूभाऊंचा आवाज असा, की त्यांच्या क्लबला शिटीची गरज पडत नसे.

“वॉकओव्हर द्या अन् मोकळे व्हा,” ते म्हणाले. “तीन-शून्य. अन् वर नियम बारा लावा.”

नियम बारा सरांनीच केलेला. आठ दिवस आधी न कळवता, कारण न देता जो क्लब सामना रद्द करील त्याला दोन वर्षं लीगबाहेर ठेवावं.

“कारण दिलंय का त्यांनी?” नानांनी विचारलं.

सरांनी तार उलटी करून पाहिली, जणू मागच्या बाजूला असेल. “नाही.”

“मग काय बघता? आमच्या पोरांनी महिनाभर मैदान घासलंय. ह्यांना सोडलं तर पुढच्या रविवारी अमळनेर तार करील, त्याच्या पुढच्याला चाळीसगाव. मग तारांचीच लीग खेळा.”

“तसं बरोबर आहे,” सर म्हणाले. “नियम तो नियम.”

आत चहा ठेवता ठेवता पुष्पाबाई हिशेब करत होती. दोन वर्षं. मगन आत्ताच तिशीला टेकला, गुडघा दुखतो म्हणत होता मागच्या खेपेला. दोन वर्षांनी तो कशाला गोलात उभा राहतोय? अन् गोलात नाही तर ह्या घरात तरी कसा येईल?

साखरेचा डबा घ्यायला ती वळली तर समोर भिंतीवरचं कॅलेंडर. काल गुरुवार, नागपंचमी. परवा रविवार.

नागपंचमीनंतरचा पहिला रविवार.

डबा हातातच राहिला. कानबाई! दोंडाईच्याला परवा घरोघरी कानबाई बसणार. सुरतेपासूनचे भाऊबंद आले असणार. तिच्या माहेरी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठीने गहू मोजून त्याचे रोट करत, आणि ज्याच्या नावाचा रोट त्याने घरी बसूनच खायचा. तो दुसऱ्याला चालत नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. क्लबातल्या अकरांतले नऊ जण तर एकाच भावकीचे. देवीला चौरंगावर बसवून ते काय पॅसेंजरने जळगावला चेंडू लाथाडायला येणार होते?

अन् तारीख कुणी लिहिली होती? सरांनी रविवार मोजले, शाळेच्या परीक्षा वगळल्या. त्यांच्या बोदवडच्या घरी कानबाई बसत नाही, त्यांना काय ठाऊक. पण सहाही प्रतींत ‘दोन ऑगस्ट, जळगाव विरुद्ध दोंडाईचा’ ही ओळ तिनेच लिहिली होती, जरा जास्तच वळणदार. लिहिताना मनात चिवडा होता, मगन होता. देवी नव्हती.

चहाचा ट्रे ठेवून ती आत गेली नाही. आजवर बैठकीत ती कधी बोलली नव्हती.

“नाना, परवा कानबाई आहे,” ती म्हणाली. “म्हणून नाही येत ते.”

“वा वहिनी!” नथ्थूभाऊ हसले. “आज त्यांची कानबाई, उद्या आमची मरीआई. देवीचं वेळापत्रक मागवा मग.”

“मागवायलाच हवं होतं,” ती म्हणाली.

नानांनी बशी खाली ठेवली. “माझी थोरली नरडाण्याला दिलीय. त्या दिवशी तिच्या घरचा माणूस गावाबाहेर पाऊल टाकत नाही, हे खरं. पण मग तारेत तसं लिहायला काय झालं होतं?”

“तिथे ते कुणी कुणाला सांगत नाही, नाना. सगळ्यांना माहीतच असतं. त्यांना वाटलं असेल, माझ्या हातचं पत्र…” ती थांबली. “तारीख मी लिहिली होती. मला कळायला पाहिजे होतं.”

“तुला माहीत होतं?” सरांनी विचारलं.

“विसरले होते.”

हे तिने अगदी हळू म्हटलं. नथ्थूभाऊंनी मात्र ते बरोबर ऐकलं.

“तुम्हाला हे कसं माहीत, वहिनी? माहेर कुठलं तुमचं?”

सरांनी तिच्याकडे बघितलं. तिने पदर सावरला.

“दोंडाईचा. तो गोलकीपर आहे ना, मगन, तो माझा भाऊ.”

“असंऽऽ!” नथ्थूभाऊ खुर्चीत मागे रेलले. “चार वर्षं आम्ही म्हणतोय, ह्या संघाला चिवड्यात शेंगदाणे जास्त कसे!”

सरांचे कान लाल झाले. नाना हसले, पण लगेच गंभीरही झाले. “हे बघा, चूक दोघांचीही. आपण न विचारता तारीख टाकली. त्यांनी जूनपासून पत्र उराशी धरून ठेवलं अन् दोन दिवस आधी तार ठोकली. लीगबाहेर काढायचं नाही. वॉकओव्हर नाही. सामना पुन्हा खेळवा. अन् पुढच्या वर्षीपासून तारखा आधी कच्च्या पाठवा. ज्याची अडचण असेल त्याने पंधरा दिवसांत कारण लिहून कळवायचं. त्यानंतर रद्द केला तर मग नियम बारा, देव असो की दानव.”

“मान्य,” नथ्थूभाऊ म्हणाले. “पण सेक्रेटरीच्या मेव्हण्यासाठी सामना वाचवला, असं लोक म्हणतील. आमचं मैदान आम्ही सोडतो. तिसऱ्या गावी खेळवा.”

हे त्यांनी खवचटपणे म्हटलं. सरांना मात्र ते लागलं. “अमळनेर,” ते लगेच म्हणाले. “तेवीस ऑगस्ट. चहा तिकडचा क्लब देईल. माझ्या घरी नाही.”

पुष्पाबाई ट्रे उचलून आत गेली. क्लब वाचला होता.

रात्री जेवणं झाल्यावर सरांनी पत्र सांगितलं, तिने लिहिलं. अमळनेरची ओळ आली तेव्हा तिने पेन झटकलं, शाई आहे का ते बघितलं, आणि लिहिली.

तेवीस तारखेला सर सकाळच्या गाडीने गेले, संध्याकाळी चिखलाने माखलेले बूट घेऊन परतले. तिने पाणी दिलं, ताट वाढलं.

“किती झाले?”

“दोन-दोन. बरोबरी.” दोन घास खाऊन ते म्हणाले, “गोलकीपर चांगला खेळला. गुडघ्याला पट्टी होती.”

तिने तव्यावर पोळी टाकली.

“हाफटाइमला जवळ आला. विचारत होता.”

“काय?”

“अक्का कशी शे, म्हणे.”

“अन् तुम्ही?”

“बरी आहे म्हटलं.”

“मग तो काय म्हणाला?”

“मग काय म्हणणार? शिटी झाली.”

पुष्पाबाईने तव्यावरची पोळी उलटली. ती फुगली, बसली, तरी पुष्पाबाई तिच्याकडेच बघत राहिली.

“कसं म्हणाला? परत सांगा.”

सरांनी मान वर केली. “अक्का कशी शे,” हजेरी घेतात तसं ते म्हणाले.

“तसं नाही. तो ‘कशी’ लांबवतो.”

सरांनी हातातला घास ताटात ठेवला. दाराकडे बघितलं, कुणी ऐकत नाही ना ते. मग घसा साफ करून, बोदवडच्या जिभेला जमेल तितकं लांबवत म्हणाले,

“अक्का, कशीऽ शे?”

“बरी शे रे,” पुष्पाबाई तव्याकडे तोंड करून म्हणाली.