ललिताचा टाक

जानरावाच्या दुसऱ्या लग्नाले मी आसेगावहून मुद्दाम गेली. न जाऊन कसं चालन? त्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोची मोठी बहीण मीच. आमच्यात दुसरी बायको पहिलीचं तोंड कोरलेला चांदीचा टाक गळ्यात घालते, नाईतर पहिली तिले सुखानं नांदू देत नाई म्हणतात. तो टाक आणायचं मी मागून घेतलं. जानराव खूश झाला. त्याले वाटलं, बाईचा राग निवला. निवते कुठचा!

ललिता माही पाठची. छातीतली गाठ काढली, तं दोन वर्षांनं रोग डोक्यात चढला. मुंबईच्या दवाखान्यात डोकं उघडून तोही काढला. मी संगं होती. डॉक्टरानं जानरावाले माह्या देखत सांगतलं, "रोगाचे बारीक कण मागं राह्यले असतीन. जखम भरली का लगेच आणा, किरणं देऊन जाळून टाकू. महिन्यावर जाऊ देऊ नका."

"हो साहेब, हो साहेब," म्हणे.

शिरपूरले जानरावाच्या घरी जखम चांगली भरली. ललिता चुलीपाशी बसून भाकरी थापू लागली. मी तिले मुंबईले न्यायले गेली, तं हा दारात आडवा.

"केस येऊ द्या, बाई. मंग नेऊ."

"काहून?"

"मोटारअड्ड्यावर सारं गाव असते, बाहेरचे यात्रेकरू असतात. कुंकवाची बाई मुंडल्या डोक्यानं मोटारीत चढली तं लोक म्हणतीन, जानराव मेला का?"

"पदर घेईन ना ती डोक्यावर."

"अन् वाऱ्यानं उडाला तं?"

पाया पडली हो मी त्या मुडद्याच्या! ललिताच मले म्हणे, "आक्का, राहू दे. येतीन लवकर." रोज डोक्याले खोबरेल चोळे बिचारी, अन् आरशात पाहे.

केस बोटभर झाले तवा त्यानं नेलं. तोवर तिचा डावा हात लुळा पडला होता. डॉक्टरानं तपासलं अन् विचारलं, "इतके दिवस कुठं होते तुम्ही?" गाठ पहिल्याहून मोठी झाली होती. दिवाळीच्या आत गेली माही ललिता.

वाशिमच्या सोनाराले मी सांगतलं, "बाईचं तोंड कोर, कपाळावर ठसठशीत कुंकू कोर. डोक्यावर एक केस कोरू नको."

"असा टाक कोणी करत नाई, बाई."

"मी करून राह्यली ना!"

नवरी गरीब होती, तिच्यावर माहा राग नव्हता. भर मांडवात मीच तिच्या गळ्यात टाक बांधला. जानरावानं वाकून पाह्यलं, अन् त्याचं तोंडच उतरलं.

"बाई, हे काय आणलं?"

"तुमची बायको. ओळखली नाई?"

त्यानं टाक काढाले हात घातला, तशी त्याची मायच ओरडली, "हात लावू नको! बांधलेला टाक कोणी काढते का? घर बुडवतं का मेल्या?" त्यानं हात मागं घेतला. आता मरेपर्यंत तो टाक त्याच्या डोळ्यापुढं राहणार होता.

बायका टाक पाहाले जमल्या. एकजण म्हणे, "अवं माय, हिचे केस कुठं गेले?"

"येतीन," साऱ्या मांडवाले ऐकू जाईन असं मी म्हटलं. "त्याचीच तं वाट पाहून राह्यले जानराव."