आनंदीबाईचा पहिला म्हाळ

माझं वय अडतीस, आणि माझं लग्न का होत नाही हे अख्ख्या तोंडवलीला माहीत आहे. कुणी म्हणतं पत्रिका, कुणी म्हणतं रंग. बाबूकाका, म्हणजे माझ्या बाबांचा धाकटा भाऊ, म्हणतो, ‘नाव नम्रता आणि जीभ कोयती.’ खरं कारण माझी आई, आनंदीबाई, होती. हे मी ती जिवंत असताना कुणाला सांगितलं नाही.

बाबा मी शाळेत असताना गेले. मग समुद्राकडचं घर, त्यातल्या पर्यटकांना दिलेल्या दोन खोल्या, आणि आम्ही दोघी. आलेल्या स्थळाला आई कधी नाही म्हणाली नाही. उलट स्वतः घावणे करून वाढायची. देवगडचा जितेंद्र आला होता. आंब्याच्या बागा, बोलायला मोकळा, मला आवडलाही. निघताना आईने त्याला अंगणात हळूच सांगितलं, “चेडू गुणी आसा. फक्त अवसेक जरा जपूचा लागता.” अमावास्येला मी काय करते हे तिने सांगितलं नाही आणि त्यानेही थांबून विचारलं नाही. कुडाळच्या दत्तप्रसादशी बोलणी ठरत आली तशी ती छातीला हात लावून पडली. डॉक्टरने गॅस सांगितला. आई घरी परत आली, दत्तप्रसाद काही आला नाही.

मी भांडले की म्हणायची, “मी काय तुका बांधून ठेवलंय? जा. माका वायच पाणी दी आणि जा.”

मरतानाही माझं मनगट तिच्या मुठीत होतं. “माका सोडून जावचा नाय हां,” म्हणाली. मी “नाय गो” म्हटलं आणि ती गेली. तिची बोटं सोडवायला शेजारच्या सुशीला वयनीला यावं लागलं.

गेली असं आपलं म्हणायचं. संध्याकाळ झाली की मधल्या खोलीत तिचं खाकरणं ऐकू यायचं. ती दातांना लावायची त्या मशेरीचा, भाजलेल्या तंबाखूचा करपट वास यायचा. मी चांगली साडी नेसून आरशासमोर उभी राहिले की मनगट ठणकायला लागायचं. कुणाला सांगायचं? लग्न न झालेली बाई असलं काही बोलली की गाव म्हणतं, डोक्यावर परिणाम झाला.

मी मोबाईलवर लग्नाच्या साइटवर नाव घातलं. पुण्याचा अजय ‘आधी मैत्री करू’ म्हणत आला आणि पाहुण्यांच्या खोलीत उतरला. जेवताना म्हणाला, “तू हसतेस छान.” मधल्या खोलीत खाकरणं झालं.

“आत कोण आहे?”

“कुणी नाही.”

पुन्हा खाकरणं, या वेळी जोरात. सकाळी तो न्याहारी न करता गेला आणि इंटरनेटवर लिहून ठेवलंन: जेवण उत्तम, मालकीण छान, घरात कुणीतरी आहे. दोन स्टार.

मग पंप बिघडला आणि सत्यवान आला. आरोंद्याचा. होड्यांची इंजिनं आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. चाळिशी ओलांडलेला, एकटा. काम आटोपून हात धूत असताना आत खाकरलं.

“कोण आसा गो घरात?”

“आई.”

“बोलाव मगे. पंप झालो म्हणान सांगूया.”

“ती वारली.”

त्याने साबण खाली ठेवला. मधल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. “बरा. मगे तूच सांग तिका,” म्हणाला, आणि चहाला बसला. वर साखर जास्त मागितलीन. बायका कशाकशावर भाळतात, मी त्या जास्तीच्या साखरेवर भाळले.

पंप पुन्हा बिघडला नाही. सत्यवान मात्र त्याची तब्येत बघायला येतच राहिला.

वर्ष उलटून आईचा पहिला म्हाळ, पितृपक्षातलं श्राद्ध, आला. आम्ही ठरवलं, जेवणं झाली की सत्यवानने बाबूकाकाला विचारायचं.

“पितृपक्षात लग्नाचा बोलूचा?” सत्यवान म्हणाला.

“दुसऱ्या कुठल्या दिवशी हे लोक माझ्या घरी येतत?” मी म्हटलं.

पहाटेपासून वडे मी तळले. काळ्या वाटाण्याचं सांबारं मी केलं, खीर मी केली. पान ठेवायला मात्र बाबूकाका, कारण तो पुरुष. आईचं हगणंमुतणं मी काढलं, पण तिला जेवायला बोलावण्याचा हक्क माझा नव्हता. अंगणाभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्यावर पान ठेवून काका लांब झाला. कावळा रतांब्याच्या खालच्या फांदीवर येऊन बसलेलाच होता. बसला, आणि बसूनच राहिला. तो पानाला शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही.

बाबूकाकाने कावळ्याकडे बघून हात जोडले. “वयनी, काय रवला काय तुझा? चेडवाचा लगीन रवला ना? लावन देतलव. माझी जबाबदारी.”

कावळा एक फांदी वर गेला.

“नुसता तोंडान सांगान भागाचा नाय,” सुशीला वयनी म्हणाली. “स्थळ सांगा.”

“माझ्या मेवण्याचो झील आसा. सरकारी नोकरी.”

“तो दारू पिता!” सुशीला वयनी म्हणाली.

“गप रव गो. कावळ्याक काय म्हायत?”

कावळा आणखी वर. मग ज्याला जो बिनलग्नाचा पुरुष आठवेल त्याचं नाव निघायला लागलं. कुणाचा भाचा, कुणाचा भाडेकरू, एक विधुर. कावळ्यापुढे माझा लिलाव चालला होता आणि मला विचारायचं कुणाला सुचत नव्हतं.

सत्यवान दारात उभा होता. तो पुढे आला, चप्पल काढली, हात जोडले. “आई, मी सत्यवान. पंपवालो. मी करतंय लगीन. हिका सुखात ठेवतलंय.”

कावळा उडाला. गडगा ओलांडून सुरूच्या झाडांत दिसेनासा झाला.

“झाला,” बाबूकाका म्हणाला. “वयनीन जबाब दिल्यान. ह्यो नको.”

सत्यवानचा चेहरा उतरला. घरातलं खाकरणं ऐकून चहा प्यायलेला माणूस, तो आता घाबरला होता. “नम्रता,” तो हळू म्हणाला, “तिका पसंत नसात तर…”

“तिका ह्यो नको असा नाय,” मी म्हटलं. “तिका कोणच नको.” आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. जितेंद्रला सांगितलेली अवस, दत्तप्रसादच्या वेळचा गॅस, शेवटी माझ्याकडून घेतलेला शब्द.

“म्हाळाच्या दिवशी आवशीबद्दल असा बोलतंस?” सुशीला वयनीने कानाला हात लावले.

बाबूकाका मात्र व्यवहारी माणूस. त्याला भूक लागली होती. “मगे तसा सांग ना तिका! मी खंय जावचंय नाय म्हण. कावळो शिवलो की जेवया. मागसून काय ता कर.”

‘जावचंय नाय’ हे शब्द त्याच्या तोंडातून बाहेर पडले आणि कावळा परत आला. सरळ गडग्यावर, पानापासून हातभर अंतरावर. समुद्राचा वारा अंगावर येत होता तरी अंगणात मशेरीचा वास भरला. या वेळी तो मला एकटीला आला नाही. सुशीला वयनीने नाकाला पदर लावला. काका दोन पावलं मागे सरला.

“म्हण गो,” तो कुजबुजला. “नुसता म्हण.”

सोपं होतं. हे वाक्य मी तिला जन्मभर म्हणत आले होते. एकदा म्हटलं की ती जेवणार, सगळे जेवणार, आणि सत्यवान ते ऐकून आपल्या वाटेने जाणार. त्याने अडवलं नसतं. तो तिथेच जीव मुठीत धरून माझ्या तोंडाकडे बघत होता.

“आई,” मी म्हटलं, “मी जातंय. ह्याच्या वांगडा, आरोंद्याक. जेवचा तर जेव.”

कावळ्याने मान वाकडी करून एका डोळ्याने माझ्याकडे बघितलं. शिवला नाही. उडालाही नाही. आम्ही थांबलो. भातावरची वाफ गेली, खिरीवर साय धरली. शेवटी बाबूकाकाने दर्भाचा कावळा केला, अशा वेळी करतात तसा, आणि तो पानाला लावला. माझ्याकडे न बघता.

“उपाशी रवली गो ती,” सुशीला वयनी म्हणाली.

“रवांदे.”

माझा आवाज मला ओळखू आला नाही. मी आतून पानं आणून ओटीवर मांडली. सत्यवान अजून उभाच.

“बसतंस काय जातंस?”

त्याने गडग्याकडे बघितलं. तिथून ती हलली नव्हती. मग तो खाली बसला, मांडी घातली, आणि मी वाढलेला वडा मोडला. अर्धा जमिनीवर पडला.

“गार झालो,” तो म्हणाला.

“खा,” मी म्हटलं, आणि त्याच्या पानात आणखी दोन वाढले.