मशीनवर बसायचंय

दानेश्वरी तेवीस वर्षांची. अक्कलकोट रोडला घराच्या पुढच्या खोलीत ती ब्लाऊज शिवायची. श्रावणात एक दिवस तिनं मशीनवर चादर टाकली आणि शिवणं बंद केलं. भिंतीपलीकडून दोन बायका दिवसभर आपल्याला नावं ठेवतात, असं ती सांगू लागली. मग आईच्या हातचं जेवणही तिनं सोडलं. आठव्या दिवशी वडील ईश्वरप्पा आपल्या पिठाच्या गिरणीला कुलूप लावून तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी तीन आठवड्यांत भिंतीपलीकडच्या बायका गप्प झाल्या. घरानं सुटकेचा निःश्वास टाकला. पण दानेश्वरी मशीनवर बसली की दोन मिनिटांत उठायची. पाय थांबतच नव्हते. हात आखडलेले, चेहरा लाकडासारखा.

"जरा हस की गं," आई रत्नम्मा म्हणायची. दानेश्वरीला हसू आणायचं म्हटलं तरी येत नव्हतं.

तिनं कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या. पाय शांत झाले, पण महिन्याभरात बायका परत आल्या. बॉबिनच्या डब्यात ईश्वरप्पांना गोळ्यांची न फोडलेली पाकिटं सापडली. ते ओरडले नाहीत. तिच्याजवळ खाली बसले.

"सांगायचं की बाळ."

"काय सांगू अप्पा? बायका गेल्या का, एवढंच सगळे विचारतात. त्या गेल्या होत्या. पण मला बसताच येत नव्हतं."

या वेळी ते दुसऱ्या डॉक्टरांकडे, श्रीदेवी मॅडमकडे गेले. ईश्वरप्पांनी आधीच सांगून टाकलं, "ते जुनं औषध होतं म्हणे. नवं द्या, चांगलं."

"नवं म्हणून सगळ्याच बाबतीत चांगलं, असं नाही काका," मॅडम म्हणाल्या. "आवाज घालवायचं काम दोन्ही जवळपास सारखंच करतात. त्रास मात्र वेगळा. जुन्यानं पाय थांबत नाहीत, अंग आखडतं. नव्यानं ते सहसा कमी होतं, पण भूक लई लागते, वजन चढतं, साखरही वाढू शकते. घरात कुणाला साखर आहे?"

"मलाच हाय की."

"मग तेही हिशोबात धरायला हवं. जुनंच कमी मात्रेत देऊन बघता येईल, तोही एक रस्ता आहे." त्या दानेश्वरीकडे वळल्या. "तुला कुठला त्रास सोसेल?"

एवढ्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

"मला मशीनवर बसायचंय," ती म्हणाली. "जाड झाले तर माझे ब्लाऊज मीच उसवीन."

मॅडम हसल्या. मग त्यांनी नवं औषध लिहून दिलं आणि अटी घातल्या: दर महिन्याला वजन, ठरलेल्या दिवशी रक्त तपासायचं, आणि गोळी नकोशी झाली तर आधी फोन करायचा.

बायका एकदम गेल्या नाहीत. आधी बोलणं अस्पष्ट झालं, मग दिवसाआड, मग बंद. संक्रांतीपर्यंत वजन सहा किलोनं वाढलं. तिसऱ्या भाकरीला रत्नम्मानं ताट बाजूला ओढलं.

"अशी फुगलीस तर कोण करून घेईल तुला?"

"अव्वा, श्रावणात मी जेवत नव्हते तेव्हा तू रडत होतीस," दानेश्वरी म्हणाली.

रत्नम्मानं ताट परत पुढं सरकवलं. पण दुसऱ्या दिवसापासून भाकरी लहान थापू लागली, आणि ईश्वरप्पा रोज सकाळी लेकीला घेऊन तळ्याकडे चालायला जाऊ लागले. पुढच्या भेटीत मॅडमनी मात्रा थोडी उतरवली.

फेब्रुवारीत शेजारच्या गल्लीतली सिद्धेश्वरी लग्नाची कापडं घेऊन आली.

"इतके महिने बंद का होतीस गं?"

रत्नम्मा आतून घाईनं बाहेर आली. पण दानेश्वरी आधीच बोलली होती. "आजारी होते. नसलेले आवाज ऐकू यायचे. औषध चालू हाय, ते चालूच ठेवायचंय."

सिद्धेश्वरीनं हिरवं कापड टेबलावर पसरलं.

"मागचा गळा खोल ठेव," ती म्हणाली, "आणि बाह्या कोपरापर्यंत."

दानेश्वरीनं टेप घेतला आणि माप लिहायला वही उघडली.