शर्टाची शेपटी

आमच्या शिकारीच्या कँपात हरणावरचा नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाची शेपटी, म्हणजे पाठीमागचं लोंबतं टोक, कापून भिंतीवर ठोकतात. यंदा पाळी आली माझी, आणि अंगात नेमका नेड्रानं शिवलेला लाल चौकड्यांचा शर्ट. नेड्रा म्हणजे माझी बायको. मार्चमध्ये गेली. तिच्या हातचं एवढंच उरलं होतं, आणि तिचाच सख्खा भाऊ डेल्मर कात्री परजत समोर उभा!

"वळ लेका पाठमोरा! सत्तर पावलांवर आडवं उभं हरण. आंधळ्यानं मारलं असतं."

"मी नाही चुकलो, बंदूक चुकली!" मी उखडलो.

"दरवर्षी कुणाची तरी बंदूकच चुकते."

स्वस्तात मिळते म्हणून नळीखालपर्यंत प्लास्टिकचाच दस्ता असलेली बंदूक घेतली, हा शहाणपणा माझाच. पण आदल्या दिवशी मी ती टेबलावर ठेवून नीट तपासली होती. नळी दस्त्याला टेकली की गोळी भरकटते, म्हणून दोघांच्या फटीतून डॉलरची नोट सरकवली. पार मुळापर्यंत सरसर गेली. मग गोळी हातभर डावीकडे गेलीच कशी?

"आण इकडे," डेल्मर म्हणाला. "तो समोरचा रिकामा डबा उडवतो, मग तुझी बोलती बंद."

नेम हलू नये म्हणून त्यानं बंदुकीचा पट्टा कोपराला करकचून गुंडाळला. आम्हा दोघांना त्याच्या बापानंच तसं शिकवलंय. दोन गोळ्या झाडल्या. डबा जागचा हलला नाही, डावीकडच्या ओंडक्याची साल तेवढी उडाली.

"थांब! आता रिकामी कर आणि पट्टा तसाच ताणून धर," मी म्हणालो आणि फटीत नोट घातली. अर्ध्यावर अडकली. पट्टा सैल केला, सरकली. मेला दस्ता पट्ट्याच्या ओढीनं वाकून नळीला टेकत होता!

"टेबलावर तपासलीस होय? हरण काय टेबलावर वाढून येणार होतं?"

"ते राहू दे. नेम तुझाही चुकला." मी कात्री उचलली. "नियम तो नियम. वळ."

डेल्मरनं जाकीट घट्ट धरलं. मी ओढलंच. आत तोच लाल चौकडा.

"एकाच ताग्यातला," तो पुटपुटला. "तिनंच दिला."

मी कात्री फिरवली आणि बंदुकीचा पट्टा कापला. डेल्मरनं तो स्वतः भिंतीवर ठोकला.

"नेड्रा असती तर दोघांच्याही शेपट्या कापल्या असत्या तिनं," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो, "आणि घरी गेल्यावर शिव्या घालत परत शिवून दिल्या असत्या."