बियाचा घेवडा

दुसरा घास तोंडात गेला आणि अंजनीचं चावणं थांबलं.

घेवडा होता. मऊ शिजलेला, आत पिठूळ, गिळताना किंचित गोडसर. ही चव तिला झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. पण ती ताटात यायची थंडीत, परसातल्या मांडवावर शेंगा भरल्या की. आता रोहिणी नक्षत्र लागलं होतं, मांडव रिकामा उभा होता आणि बाजारात हा घेवडा कधीच मिळत नव्हता.

“मनिषा, ह्यो घेवडा कुठनं आणलास गं?”

सून भाकरी थापत होती. लग्न होऊन वडगावच्या ह्या घरात येऊन तिला दोनच महिने झाले होते. “मडक्यातला, आत्ती. वरच्या फळीवरचा. सगळा राखंनं बरबटलाता, म्हणून चार पाण्यानं धुतला. तुमी कणकुंबीसनं दमून येणार, म्हटलं उसळ करूया.”

“लई झ्याक झालीया,” असं म्हणत सिद्रामनं वाटी पुढं केली. “वाढ अजून.”

अंजनीनं हातातली भाकरी ताटात ठेवली. “सगळा घातलास?”

“व्हय. चिपटंभर तर होता. समोरच्या मनुबाईस्नी बी वाटीभर दिली.”

“माझं पेरायचं बी खाल्लंसा तुमी,” अंजनी म्हणाली. “बसून, वाढून घेऊन खाल्लंसा.”

एक्केचाळीस वर्षांपूर्वी कणकुंबीहून ह्या घरात येताना आईनं तिच्या पदराच्या गाठीला हा घेवडा बांधून दिला होता. विटकरी रंगाचा दाणा, डोळ्याजवळ पांढरा ठिपका. तेव्हापासून एकही साल चुकलं नव्हतं. वेलावरच्या चांगल्यातल्या चांगल्या शेंगा ती बियाला राखायची आणि कुणी मोडू नये म्हणून त्यांना मागावरच्या उरलेल्या रंगीत सुताचा धागा बांधायची. घरात दोन यंत्रमाग, सुताला काही तोटा नव्हता. शेंगा वेलावरच वाळवायच्या, सोलायच्या, दाण्याला एरंडेल चोळायचं, राखेत घालून मडक्याचं तोंड बांधायचं. स्वतःच्या पोरांना जपलं नसेल इतकं तिनं त्या मडक्याला जपलं होतं. आणि चार दिवस भाचीच्या साखरपुड्याला माहेरी काय गेली, तर मडक्याला फोडणी बसली.

“आन् तुमी,” ती सिद्रामकडं वळली. “एक्केचाळीस वर्सं ह्यो घेवडा खाताय. रोहिणीत कधी ताटात आलाता व्हय? विचारायचं तरी, कुठनं आला म्हणून.”

“मला वाटलं बाजारातला असंल,” सिद्राम वाटीत बघत म्हणाला.

बाजारातला! इतकी वर्षं चार बोटं चाटून पुसून ज्यानं खाल्लं, त्याला आपला घेवडा आणि बाजारातला घेवडा एकच. गाढवाला गुळाची चव काय, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. सून समोर होती म्हणून ती मूग गिळून बसली.

मनिषाचा चेहरा उतरला होता. “मला ठावं न्हवतं, आत्ती. आमच्यात निपाणीला सगळी तंबाखू. तिची रोपंच आणून लावत्यात. परसात काय न्हाई आमच्या. बी म्हंजे दुकानातलं पाकीट, एवढंच मी बघितलंय.”

ह्यात तिचं चुकलं तरी काय, हे अंजनीला कळत होतं आणि म्हणूनच राग कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. ताटावरून उठून ती परसात गेली. माहेराला जाण्याआधी खणून ठेवलेली आठ आळी शेणखतानं भरलेली होती. कणकुंबीत आता हा घेवडा उरला नव्हता. वानरं आणि गवे काही ठेवत नाहीत म्हणून भावानं, भरमूनं, परसात काजू लावला होता. निघताना तोच म्हणाला होता, “आक्का, यंदा कुंपण घालतोय. मूठभर बी धाड की परत.” आणि तिनं मोठ्या तोऱ्यात होकार दिला होता.

सकाळी ती उठली ती एका निश्चयानं. बी काही तिनं एकटीनं राखलं नव्हतं. गल्लीतल्या निम्म्या घरांना ती दर साली मूठ मूठ देत आली होती. बी विकायचं नसतं, उसनं द्यायचं असतं. पीक आलं की घेणाऱ्यानं एका मुठीच्या दोन मुठी परत करायच्या, म्हणजे एकाचं बुडालं तरी दुसऱ्याकडं राहतं. पहिली काही वर्षं लोकांनी केलंही. पुढं मुठी यायच्या बंद झाल्या, आणि मागायचं कसं म्हणून तिनं कधी मागितल्या नाहीत. आज मागायच्या होत्या. तिनं मापाचं रिकामं चिपटं पदराखाली घेतलं.

समोरची मनुबाई धुतलेली वाटी घेऊन दारातच भेटली. “आक्का, उसळ लई ग्वाड झालती.”

“झाली असंल. गेल्या साली दिल्यालं घेवड्याचं बी हाय काय तुझ्याकडं?”

“बी? आमी कवळ्याच शेंगा मोडतोय. निबर कोण खातंय आमच्यात.” मनुबाई हसली. “आन् ठेवायचं कशाला? तुमच्याकडं असतंय की.”

पुढचं घर रवळूचं. हा बसवर कंडक्टर होता, आता निवृत्त. त्याच्या परसात अंजनी थबकली. जिथं दोडका आणि घेवडा चढायचा तिथं तांबडी फरशी होती आणि फरशीवर दोन स्कूटर.

“गेल्या पावसाळ्याच्या आदीच घातली, आक्का. चिखूल लई व्हायचा.”

“मग माझ्याकडनं बी न्हेलंतंस ते कुठं पेरलंस, रवळू? ह्या फरशीवर?”

रवळू ओशाळला. आत जाऊन, बरीच शोधाशोध करून त्यानं एक प्लॅस्टिकचा डबा आणला. झाकण उघडलं तर आत पीठ झालेलं आणि त्या पिठात किडे फिरत होते. अंजनीनं बोट घालून बघितलं. एकही दाणा धड नव्हता.

“राख न्हाई लावलीस?”

“गॅस आल्यावर राख कुठली, आक्का? म्हटलं, लागलं तर तुमी हाईसाच.”

निवृत्त मास्तर गुंडू मात्र हौशी माणूस. त्यांच्या गच्चीवर काळ्या पिशव्यांची रांग होती, प्रत्येक पिशवीवर कन्नडात आणि मराठीत नाव लिहिलेलं. अंजनीला वाटलं, इथं तरी मिळणार. गुंडू मास्तरांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मोबाइल काढला.

“ह्यो बघा तुमचा घेवडा. दाणा कसा दिसतोय बघा, हातावर घेऊन काढलाय. चारशे जणांनी बघितला.”

फोटो खरंच सुरेख होता. विटकरी दाणे, पांढरे ठिपके.

“आन् हे दाणे कुठं हाईत, मास्तर?”

“ते व्हय? त्याची आमटी केली त्याच दिवशी.”

“मग फोटो पेरू म्हणतासा?” अंजनी म्हणाली आणि पाणी न पिता उठली.

अशी अकरा घरं झाली. कुठं वेल वाळवीनं गेला होता, कुठं घरच विकलं गेलं होतं, कुठं सगळं होतं पण बी राखलं नव्हतं. माणसं वेगळी, वाक्य मात्र एकच. तुमच्याकडं असतंय की. ह्या वाक्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खायला गल्ली आणि राखायला अंजनी, हा कुठला न्याय? आयुष्यभर मी मडकी बांधायची आणि ह्यांनी कोवळ्या शेंगा मोडायच्या.

पण परतताना देवळाच्या कट्ट्याशी ती दम खायला टेकली आणि तिला स्वतःचंच एक वाक्य आठवलं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मनुबाई सासू वारल्यावर सासूच्या मडक्यातले दोन मुठी दाणे परत करायला आली होती, तेव्हा अंजनीनंच हसून म्हटलं होतं, “राहू दे गं, माझ्याकडं ढीग हाय.” त्या वेळी ते बोलताना किती बरं वाटलं होतं. ते आठवून ती स्वतःवरही चिडली. चिपटं पदराखाली तसंच होतं.

घरी आली तर पुढच्या खोलीत माग चालू होता आणि सिद्राम नेहमीपेक्षा जास्त लक्ष देऊन कापडाकडं बघत होता. मनिषा परसात होती. उकिरड्याशी बसून, कोपरापर्यंत हात घालून, ती चाळणीनं कचरा चाळत होती. साडीला शेण लागलं होतं, केसांत पाचोळा होता.

“काय करतीयास गं?”

“परवा निवडताना किडकं, सुरकुतल्यालं बाजूला काढलंतं, आत्ती. ते हितंच टाकलंतं. सकाळधरनं हुडकतोय.” सीमेवरच्या बायका बोलतात तशी ती ‘हुडकतेय’ऐवजी ‘हुडकतोय’ म्हणाली आणि मूठ उघडली. अकरा दाणे होते. काहींना भोक पडलं होतं, काही वाळून चपटे झालेले.

अंजनी तांब्या घेऊन आली. तांब्यात पाणी घेऊन तिनं दाणे एकेक करून त्यात सोडले. पोकळ बी तरंगतं, भरलेलं बुडतं. नऊ दाणे वर आले. दोन सावकाश तळाला गेले. दोघी तांब्यावर डोकं खुपसून बराच वेळ बघत राहिल्या, वरचा एखादा अजून खाली जाईल म्हणून. गेला नाही.

चार दिवसांनी लावणीचा मुहूर्त होता. अंजनीनं दोन्ही दाणे रात्रभर ओल्या फडक्यात ठेवले होते. ती आळ्याजवळ बसते न बसते तोच दारात स्कूटर थांबली. शहापूरची सौम्या. ही तिच्या नणंदेची मुलगी, दर साली ह्याच दिवशी पिशवी घेऊन यायची आणि बी घेऊन जायची.

“मामी, बी द्या लवकर. ड्युटी हाय मला.”

पेरणीच्या दिवशी बियासाठी दारात आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. अंजनीच्या आईनं म्हटलं नव्हतं, तिनंही कधी म्हटलं नव्हतं. तिनं फडकं उलगडलं. क्षणभर दोन्ही दाण्यांकडं बघितलं आणि त्यातला जरा मोठा होता तो उचलून सौम्याच्या तळहातावर ठेवला.

“यंदा एवढंच हाय. जपून लाव. पयल्या शेंगा मोडू नको, बियाला राख.”

सौम्यानं तळहात बघितला, मग मामीकडं बघितलं. “एकच? एका बियाचं काय करू मी, मामी? राहू दे, टिळकवाडीत दुकानात पाकीट मिळतंय, त्येच घेते. तुमी उगंच तरास नका घेऊ.” दाणा तिनं कट्ट्यावर ठेवला, हात झटकला आणि गेली. स्कूटरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

अंजनीच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं होतं. जिला बोलायचं तीच निघून गेली होती. तिनं कट्ट्यावरचा दाणा उचलला, पदरानं पुसला आणि मनिषाला हाक मारली.

“धर. ह्यो तुझा.”

मनिषा मागं सरली. “माझ्या हातानं नको, आत्ती. तुमीच लावा दोनी.”

“अकरा घरं फिरलो मी. उकिरड्यात हात घालून हुडकाय एकटी तूच बसलीस,” अंजनी म्हणाली. “बस खाली. बोटाच्या दोन पेराएवढं भोक कर. डोळा खाली ठेव.”

मनिषानं दाणा ठेवला, माती लोटली आणि थापटायला हात उचलला. “थापटू नको,” अंजनी म्हणाली, “हलकंच झाक.” शेजारच्या आळ्यात तिनं स्वतःचा दाणा लावला. मग बादली आणून तिनं दोन्ही आळ्यांना पाणी घातलं आणि न थांबता, तितकंच पाणी बाकीच्या सहा रिकाम्या आळ्यांनाही घालत गेली.