लिफ्टशेजारचा जिना

मित्रांनो, मी एका तीन मजली घरातला जुना सागवानी जिना आहे आणि खोटं कशाला बोलू, मला शेजारच्या लिफ्टचा भारी मत्सर वाटतो. ती आली कधी, तर काल-परवा. नुसतं स्टीलचं डबडं, पण तोरा बघावा!

मला घडवणाऱ्या सुताराने कठड्याला पोटभर तेल पाजलं, पायऱ्यांना मात्र थेंबही लावू दिला नाही. पायाखालचं लाकूड कोरडंच हवं, असं तो म्हणायचा. चार पिढ्या माझ्यावरून चढल्या-उतरल्या. घरातली धाकटी लेक तर कठड्यावरून घसरतच शाळेला निघायची. आता ती वरच्या मजल्यावर केक करून विकते आणि ते खाली नेते लिफ्टने. क्रीम हलत नाही म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मग जुन्या इमारती जपणारी मंडळी आली. मला वाटलं, आता लिफ्टची चांगली जिरेल. फोटोत उठून दिसावं म्हणून त्यांनी माझ्या पायऱ्यांनाही चकचकीत पॉलिश केलं. आठवडाभरात लेकीची आत्या घसरली, मनगट मोडलं. लगेच माझ्यापुढे दोरी आणि पाटी: पाय ठेवू नये. सगळं घर लिफ्टने जाऊ लागलं. मी आपला जळत उभा.

एक दिवस लेक वैतागली. "बाबा, ज्याच्यावर पाय ठेवता येत नाही तो जिना हवा कशाला? काढून टाकू. माझा मोठा ओव्हन इथे मावेल."

वाईट हे की तिचं काही चुकत नव्हतं.

बाबांनी सुताराला बोलावलं. मला घडवणाऱ्याचाच हा नातू. त्याने पायरीवरून तळवा फिरवला. "जिना ठणठणीत आहे, ताई. पायऱ्यांना कधी कोणी पॉलिश करतं का? घासून काढा."

"मग फोटोत चांगला दिसणार नाही," जतनवाले साहेब म्हणाले.

"नको दिसू दे," लेक म्हणाली. "आत्याला चढता आलं पाहिजे."

चार दिवस तिने स्वतः सँडपेपर घेऊन मला घासलं. पाचव्या दिवशी आत्या कठडा धरून, दर मजल्यावर दम खात, वरपर्यंत चढली. लेक हात पुढे करून मागे होती.

केक अजून लिफ्टनेच जातात आणि मी अजून जळतो. पण मित्रांनो, आम्हा जुन्यांना जपायचं असेल, तर दोरी बांधून लांब उभे राहू नका. आमच्यावर पाय ठेवा.